डावीकडची विंग

वालीवच्या त्या शेडमध्ये शिरताना जयवंतीनं सवयीनं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि मग तिच्या लक्षात आलं, की उंबरा प्लायवूडचा आहे. तिनं पायानं हळूच दाबून पाहिला. पोकळ वाजला. पण काढल्या त्या काढल्याच; आता परत घालायच्या म्हणजे उगाच सगळ्यांच्या डोळ्यांवर यायचं.

"आई, सेट आहे तो," मेघना मागून कुजबुजली. "सगळे बूट घालून फिरतायत."

"फिरू देत. त्यांचं थोडंच घर आहे?"

घर आगाशीचं होतं. पुढं ओटी, वर कौलं, मागं केळीची वाडी. ते पाडून तिच्या नवऱ्यानं, देवेंद्रनं, जहाजावरच्या कमाईतून स्लॅबचा बंगला बांधला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. पाडताना कुणी डोळ्याला पदर लावला नव्हता, कारण पावसाळ्यात सगळी भांडी गळतीखालीच मांडलेली असायची. आणि आज ते घर होतं तसं वालीवला उभं होतं, एका बाजूला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारा गाळा आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. भिंतींवर शेणामातीचा रंग मारला होता. केळी मात्र खऱ्या होत्या; गोखिवऱ्याच्या नर्सरीतून कुंड्यांसकट आणून कुंड्या मातीखाली दडवल्या होत्या. देवेंद्र त्यांच्याकडे बघून म्हणाला, "पाणी कमी पडलंय," आणि हात मागं बांधून गप्प उभा राहिला. एवढं बोलला म्हणजे त्याच्या मानानं पुष्कळ झालं.

सुजयच्या आयुष्यावर सिनेमा निघत होता आणि आज त्याचा मुहूर्त होता. देवेंद्रचा हा धाकटा भाऊ देशाला नुसता 'सुजय' म्हणून माहीत होता. आडनाव पहिल्याच सिनेमाच्या पाटीवरून गळालं होतं आणि त्याचा राग काशिनाथकाकांनी अजून सोडला नव्हता. काका म्हणजे या दोघा भावांचे सख्खे चुलते. गावातलं नाटकमंडळ त्यांनी उभी हयात चालवलं आणि सुजयच्या तोंडाला पहिला रंग लावला तो त्यांनीच. ही गोष्ट ते भेटेल त्याला सांगायचे, आणि कुणी भेटलं नाही तर घरातल्यांनाच परत सांगायचे. आज कडक इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून ते आले होते. आल्या आल्या त्यांनी सिनेमाच्या लेखिकेला गाठलं.

"आथा मना सांग, यात मी कटे हाय?"

लेखिका जेसिका तरुण होती, सांडोरची. काकांची बोली ऐकून ती हसली. तिच्या घरची बोली वेगळी असली तरी कान तेच होते. "काका, तुम्ही आहात ना. नाटकमंडळ चालवणारे मास्तर."

"मास्तर? मी पोस्टात होतो!"

"सिनेमात मास्तर बरं दिसतं, काका."

काकांनी विचार केला. "टोपी हाय त्याला?"

"आहे."

"मग चालंल."

मेघनाला हसू आवरेना. एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या फ्लॅटवरून ती खास रजा टाकून आली होती. ऑफिसातल्या निम्म्या लोकांना सुजय आपला काका आहे हे ठाऊक आहे आणि उरलेल्यांना आज कळेल अशी तिनं व्यवस्था केली होती. तिनं सहज विचारलं, "आणि आईचं काम कोण करतंय?"

जेसिकानं हातातल्या कपाकडे पाहिलं. "म्हणजे, काकूंचं... आम्ही दोन कॅरेक्टर्स एक केलीत. सिनेमात वहिनी नाहीये. सरांची आईच प्रॉम्प्टिंग करते."

"आजी?" मेघना एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की दिवे लावणारा माणूस शिडीवरून वळून बघायला लागला. "आजी प्रॉम्प्टिंग करते?"

काशिनाथकाका तर खोकल्यासारखे हसले. सासूबाई आणि नाटक! त्या माउलीनं एकदा सुजयची रंगाची पेटी वाडीतल्या बावखलाच्या पाण्यात फेकली होती, आणि केळींना ते पाणी चार दिवस घालू नये म्हणून गड्याला वर ताकीद दिली होती. नाटकाचं पुस्तक त्यांनी हातात धरलं असेल तर ते चुलीत घालण्यापुरतंच. आता सिनेमात त्या विंगेत बसून मुलाला मायेनं शब्द पुरवणार होत्या.

जयवंतीही हसली. हसण्यासारखंच होतं ते. पण आत कुठंतरी तिला इतकं एकटं वाटलं, की तिनं समोरच्या खोट्या खिडकीचा गज धरला. सिनेमा निघतोय हे कळल्यापासून कितीतरी महिने ती मनाशी एक गोष्ट घोळवत होती आणि कुणाला बोलली नव्हती. कधीतरी, कुठल्यातरी थिएटरात, अंधारात एक बाई दिसेल, विंगेत खोक्यावर बसलेली, मांडीवर पुस्तक, हातात बॅटरी. लोक म्हणतील, ही कोण? आणि कुणीतरी सांगेल. एवढंच तिला हवं होतं आणि फार हवं होतं.

"हे बरोबर नाही," मेघना म्हणाली. "आई, तू बोल ना काहीतरी."

"बरं झालं की," देवेंद्रच बोलला. केळींवरची नजर न काढता. "घरातल्या बायका कशाला सिनेमात?"

"तेच म्हणतो मी," काकांनी लगेच री ओढली. "झालं ते झालं. लोकांच्या तोंडाला परत काम कशाला?"

"कसलं काम? पप्पा, काय झालं होतं?"

काकांनी टोपी सारखी केली. मेघना एकटी पडली आणि जयवंती नेहमीसारखी मध्ये उभी राहिली, कुणाच्याच बाजूला नाही. तिचं अर्धं आयुष्य असंच गेलं होतं.

झालं होतं ते असं. केळव्याहून लग्न होऊन ती या घरात आली आणि हळद उतरायच्या आत देवेंद्र जहाजावर गेला. वर्षातून एकदा यायचा, पाहुण्यासारखा राहायचा, परत जायचा. घरात सासूबाई, वाडी आणि शाळेत जाणारा दीर. सुजय दिसायला देखणा, आवाज घंटेसारखा, पण पाठांतराचा अगदी कच्चा. नाटकातलं पानभर भाषण चार दिवस घोकायचा आणि पाचव्या दिवशी पहिलाच शब्द विसरायचा. जयवंती भाकऱ्या थापता थापता त्याचं भाषण ऐकायची आणि तो अडला, की पीठभरल्या हातानं पुढचा शब्द द्यायची. माहेरच्या वाचनालयातलं एकही नाटक तिनं सोडलं नव्हतं, पण हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. मग मंडळाच्या प्रॉम्प्टरची पुण्याला बदली झाली आणि सुजय काकांना म्हणाला, "माझी वैनी करेल." काकांनी आधी कपाळावर हात मारला. मग तिचा आवाज ऐकला, नुसता श्वासातला, पहिल्या रांगेलाही ऐकू न जाणारा, आणि म्हणाले, करू दे.

डावीकडच्या विंगेत ती बसायची. सुजय वाक्य संपवायचा, थांबायचा, मान किंचित डावीकडे कलवायचा. ती शब्द द्यायची. मग तो बोलायचा. त्याला तशी सवयच लागली. पाठ असलं तरी तिचा शब्द आल्याशिवाय त्याची जीभ उचलायची नाही.

पुढं याच थांबण्यानं देश वेडा केला. सुजयचा पॉज. त्याच्यावर लेख आले. नकला करणारे मान डावीकडे कलवून थांबले, की लोक नाव ऐकायच्या आधीच टाळ्या पिटायचे. मेघनाच्या ऑफिसात रजा मागतानाही पोरं तसा पॉज घ्यायची. एका मोठ्या मुलाखतीत सुजयला त्याबद्दल विचारलं, तेव्हा तो शांततेविषयी बरंच काही सुंदर बोलला होता. जयवंतीनं ती मुलाखत भाजी निवडत पाहिली होती आणि मध्येच उठून पाणी प्यायला गेली होती.

आणि लोक बोलायला लागले होते. नवरा बोटीवर आणि सून दिराच्या मागं तालमीला. आधी विहिरीवर बोलले, मग बाजारात, मग सासूबाईंच्या तोंडावर. जयवंतीच्या कानावर आलं तेव्हा तिला रडू नाही आलं, राग आला. ती तालमीला जात राहिली. सासूबाईंनी मात्र कुठल्याशा बंदरातून देवेंद्रचा फोन आला, तेव्हा त्याला सगळं सांगून टाकलं.

त्या वर्षी विरारला एकांकिका स्पर्धा होती. एकांकिकेत पळून गेलेला मुलगा आंधळ्या बापाकडे परत येतो. बाप विचारतो, "कोण आलंय?" आणि मुलानं म्हणायचं असतं, "कुणी नाही, बाबा. वारा आहे." बापानं विचारलं. सुजय थांबला, मान डावीकडे कलली. जयवंतीनं पुस्तकावरून नजर उचलली आणि विंगेच्या फटीतून तिला सभागृहाचं दार दिसलं. दारात देवेंद्र उभा होता. खांद्याला बॅग, अंगावर प्रवासाचे कपडे. यायची चिठ्ठी नाही, चपाटी नाही. तिचा आवाज गेला. ओठ हलले, पण त्यातून काही बाहेर पडेना. रंगमंचावर सुजय वाट बघत राहिला. सगळं सभागृह वाट बघत राहिलं. शेवटी कुणाचाच आधार न मिळालेल्या माणसाच्या आवाजात तो आपला आपणच बोलला, "कुणी नाही, बाबा."

पहिलं बक्षीस त्याला मिळालं. मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी त्या एका थांबण्यावर भाषण केलं आणि त्याला भेटायला बोलावलं. तिथून सुजय गेला तो गेलाच. आणि घरी परतताना रिक्षात देवेंद्र जयवंतीला म्हणाला, "उद्यापासून ते पुस्तक काकांना देऊन टाक." ती म्हणाली, "बरं." दोघांनी त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही.

शेडमध्ये सुजय आला तो आधी काकांच्या पाया पडला, मग देवेंद्रच्या, मग तिच्या. चाळिशी उलटल्यावर तो जास्तच देखणा झाला होता आणि थोडा दमलेलाही दिसत होता. भोवतीनं माणसांचा हा घोळका.

"वैनी, घर बघितलंस? ओळखलंस?"

"ओळखलं. फक्त गळत नाही."

तो मोकळेपणी हसला. हसला, की तो जुना सुजय व्हायचा, आणि म्हणूनच तो हसला, की तिला बरं वाटायचं आणि त्रासही व्हायचा.

नारळ काकांच्या हातून फोडला. मुहूर्ताचा शॉट छोटासाच होता. मोठा झालेला नट, म्हणजे सुजय स्वतःच, रिकाम्या घरात परत येतो, ओटीवर उभा राहतो आणि हाक मारतो. सुजय ओटीवर आला. शेड एकदम चिडीचूप झाली; शेजारच्या गाळ्यातलं पॉलिशचं मशीनही कुणीतरी जाऊन बंद करायला लावलं होतं. तो थांबला. मान किंचित डावीकडे कलली. डावीकडे एक दिव्याचा स्टँड होता आणि वायरचं भेंडोळं. जयवंती उभी होती पार मागं, मेघनाच्या शेजारी, आणि तिच्या जिभेवर शब्द आला. आपोआप. इतक्या वर्षांनी. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"आई, मी आलो," सुजय म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी डोळे पुसले. देवेंद्रनं मात्र टाळी वाजवली नाही; तो वळून बायकोकडे बघत होता. तिचे मिटलेले ओठ त्यानं पाहिले होते, आणि ते त्यानं पाहिलेत हे तिलाही कळलं.

जेवायला युनिटचं पनीर होतं, पुऱ्या होत्या, पण जयवंतीनं घरून उकडहंडी करून आणली होती. कोनफळ, वालाच्या शेंगा, रताळी, सगळं ओल्या नारळाच्या वाटणात वाफवलेलं. वास सुटल्यावर सुजयनं पनीरची ताटली कुणाच्यातरी हातात दिली आणि सेटवरच्या स्वयंपाकघरात खाली बसकण मारली. मग सगळेच बसले, खोट्या चुलीच्या भोवती, खरं जेवण मध्ये ठेवून. जेसिकालाही त्यानं ओढून बसवलं. तो बोटं चाटत जेवत होता आणि जयवंती त्याला वाढत होती. "भावजी, घ्या अजून," ती म्हणाली. चारचौघांत ती त्याला 'भावजी' आणि 'तुम्ही' म्हणायची. 'सुजय' आणि 'तू' फक्त भाकरी थापताना आणि विंगेत. सासूबाई गेल्या तरी ती सवय सुटली नव्हती.

मेघनानं मात्र घास घेतला नव्हता. ती सुजयकडे वळली. "काका, एक विचारू? आईला सिनेमातून का काढलं?"

"अगं, ते लिहिणाऱ्यांचं..." सुजय म्हणाला.

"सर," जेसिका हळूच म्हणाली, "माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये वहिनी होती. तुम्हीच नको म्हणालात."

सुजयचा हात ताटातच थांबला. काशिनाथकाका मदतीला धावले. "बरोबर केलंन त्यानं! लोक काय काय बोलले होते तवा. आथा देशभर दाखवायचं? हिच्या नावाला—"

"लोकांसाठी नाही काढलं, काका," सुजय म्हणाला. "लोकांचं मला काय पडलंय? आणि वैनीचं नाव खराब करायला लोकांची टाप नाही."

"मग?"

तो मोठ्या भावाकडे बघेना. "वैनी दाखवली, की ती थांबली का तेही दाखवावं लागतं. सगळे विचारतील. एवढी चांगली होती तर मग गेली कुठं?"

शेडमधला मोठा पंखा घरघरत होता. मेघनानं आईकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि इतका वेळ न मिळालेलं उत्तर तिला मिळालं. देवेंद्रनं घास खाली ठेवला.

"म्हणजे माझ्यासाठी," तो म्हणाला.

"दादा, तू आमच्यासाठी किती केलंस. बाबा गेल्यावर तूच. मुंबईत माझ्याकडे काही नव्हतं तेव्हा तूच होतास. आणि सिनेमात तू बायकोला बंद करणारा माणूस दिसणार? मी नाही ते दाखवू शकत."

"आणि आई गायब झाली ती चालली," मेघना म्हणाली. "छान."

"मेघना," जयवंती म्हणाली.

"वैनीला कळेल असं मला वाटलं," सुजय आता तिच्याकडे वळला. त्याचा आवाज भिजला होता आणि त्यात काही नाटक नव्हतं. तिला फरक कळायचा. "तुला सगळंच आधी कळायचं. विरारला त्या दिवशी तू मला शब्द दिला नाहीस. मुद्दाम. मी किती वेळा आठवतो ते. तू ठरवलंस, की आता याला सोडायचं, याचं यानं बोलू दे. सायकल शिकवताना मागचा हात काढतात ना, तसं. त्या एका क्षणावर माझं सगळं उभं आहे, वैनी. मी कुणाला सांगितलं नाही, पण मला माहीत आहे."

जयवंतीच्या मनात आलं, राहू द्यावं. इतकी वर्षं त्यानं हे जपलं, त्याला यातून बळ मिळालं, आपलं काय जातंय? मागं ती अशीच 'बरं' म्हणाली होती. पण आज ते 'बरं' तिला म्हणवेना.

"मी मुद्दाम नव्हतं केलं," ती म्हणाली. "मी यांना पाहिलं. दारात. बॅग घेऊन उभे होते. माझा आवाजच फुटेना."

सुजयनं ताट बाजूला सरकवलं.

"मला वाटलं, तू मला पाहिलंच नाहीस," देवेंद्र म्हणाला. इतक्या हळू, की काकांना पुढं वाकावं लागलं. "मी नुसताच मागं उभा होतो. हा थांबला, मला वाटलं नाटकातलंच आहे. अंगावर काटा आला माझ्या. मीपण टाळ्या वाजवल्या."

"वाजवल्यात?" तिनं विचारलं. हे तिला माहीत नव्हतं.

"माझ्याच सगळ्यात शेवटी थांबल्या."

"अरे देवा," काका म्हणाले. "म्हंजे तो पॉज देवेंद्राचा!"

जेसिकाला हसू फुटलं आणि तिनं लगेच तोंडावर हात ठेवला. मेघनाही हसली, मग सुजयही, कसानुसा. देशानं डोक्यावर घेतलेल्या त्याच्या त्या थांबण्यात भावाची बॅग निघाली होती आणि वहिनीचा गेलेला आवाज निघाला होता. पण तो मनानं मोठा होता, चटकन सावरला. पुढं होऊन त्यानं जयवंतीचा उष्टा-खरकटा हात आपल्या हातात घेतला.

"तरीसुद्धा वैनी. लोकांचं ऐकून घेतलंस, आईचं ऐकून घेतलंस, रोज येऊन बसलीस. माझ्यासाठी एवढं कुणी—"

"सुजय," ती म्हणाली.

सगळ्यांसमोर म्हणाली. काकांची मान वर झाली.

"तुझ्यासाठी नव्हते मी बसत तिथं."

तिनं हात सोडवून घेतला, पदराला पुसला. तिला स्वतःलाच नवल वाटत होतं, की हे वाक्य इतकं सोपं होतं. बोलला तो देवेंद्र. रिक्षात जे त्यानं विचारलं नव्हतं, ते त्यानं आता, पंचवीसेक वर्षांनी, वालीवच्या एका शेडमध्ये खोट्या चुलीपाशी मांडी घालून विचारलं.

"मग कशासाठी?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. रागानं नाही, आणि माफी मागितल्यासारखंही नाही. माहीत नसलेली गोष्ट विचारतात तसं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "मला आवडायचं. तिथं अंधारात बसलं, की सगळं नाटक माझ्या तोंडातून जायचं. बाप मी, मुलगा मी, ती रडणारी बहीण मी. बाकीचे एकेक काम करायचे, मी सगळी करायचे. कोण कुठं अडणार ते मला त्याच्या आधी कळायचं. कुणी मला बघत नव्हतं आणि त्याचं मला काही नव्हतं, आईशपथ. पण सगळे माझ्या श्वासावर चालले होते. मी घरात एवढं करते, कुणाचं काही अडत नाही माझ्यावाचून. तिथं अडायचं."

मेघनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"लोक म्हणाले, दिरासाठी जाते. आई म्हणाल्या, दिरासाठी जाते. तुम्ही बोटीवरून उतरलात, तुम्हालाही तेच वाटलं. ठीक. पण हा!" तिनं सुजयकडे बोट केलं. "हा एवढा मोठा नट झाला, सगळ्या जगाच्या मनातलं तोंडावर आणतो म्हणे, यालाही तेच वाटलं. एकाच्याही मनात आलं नाही, की ही बाई नाटकासाठी जात असेल."

"वैनी..." सुजय म्हणाला, आणि थांबला. त्याला पुढचा शब्द सापडेना आणि या वेळी तिनं तो देण्याची काही घाई केली नाही.

"मला सिनेमात ठेवायचं असेल तर हे ठेव," ती म्हणाली. "दिरासाठी झिजणारी वहिनी नको मला. तशी दाखवणार असशील तर सासूबाईंनाच राहू दे तिथं. त्यांचीही एकदा हौस फिटेल."

काका हसायला गेले आणि हसू अर्धवटच राहिलं. "तुना अजून येतं गं काय ते?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज एकाएकी म्हातारा झाला होता. "आपली नाटकं?"

"सगळी. भांडी घासताना म्हणते. यांना वाटतं, देवाचं म्हणतेय."

देवेंद्रनं मान खाली घातली. रोज सकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात पेपर वाचताना मोरीतून येणारी ती पुटपुट त्याच्या कानावर पडत असणार. इतक्या वर्षांत त्यानं कधी कान दिला नव्हता, आणि आता तो कुठली ओळ आठवते का ते शोधत असावा, असं तिला वाटलं. तिला त्याची दयाही आली आणि रागही आला, आणि दोन्ही तिनं राहू दिलं.

"पहिल्यांदा बसले ना मी विंगेत," ती म्हणाली, "तेव्हा पडदा वर जायच्या आधी..."

दारातून एक मुलगी आत डोकावली, गळ्यात वॉकीटॉकी, कपाळावर घाम. "सर, शॉट रेडी आहे. सगळे थांबलेत."

सुजय सवयीनं उठायला गेला. देवेंद्रनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि त्या मुलीकडे पाहिलं.

"थांबू देत," तो म्हणाला. "ही बोलतेय."